एकोणीस नंबरचं मशीन

संध्याकाळी सहाला लॅब सुटते
आणि चाळीस संगणक रिकामे होतात.
रिकामे म्हणजे चालूच, पण कुणाचे नाहीत.
त्या रिकामपणावर माझी पीएचडी उभी आहे.
एक मोठं गणित चाळीस ठिकाणी फोडायचं,
ज्याला जेवढं झेपेल तेवढं द्यायचं
आणि सकाळी गोळा करत फिरायचं.
दांडिया बाजारात आई खानावळीचे डबे गोळा करते तसं,
एखाद्याचं झाकण कायम हरवलेलं.

दिघे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, विदा हलवायची नाही.
कारेलीबागेतल्या दवाखान्याच्या नोंदी कारेलीबागेतच राहतील,
मांजलपूरच्या मांजलपूरला.
कुणाचंही नाव उंबरा ओलांडणार नाही.
आपण दारात उभं राहून विचारायचं, किती?
आणि आतून यावा नुसता आकडा.

मी विचारते. कावीळ, या आठवड्यात?
कारेलीबाग म्हणते चार. मांजलपूर सहा.
वाडीतला एक दवाखाना उत्तर देतो तीन, तेही उशिरा.
एकेकट्याला यात काहीच दिसत नाही.
दिसायचं कारणही नाही, पावसाळ्यात एवढी असतेच.
मी बेरीज करते
आणि नकाशावर उमटते जमिनीखालची एक रेघ,
पाण्याची, जुनी, वाकडी.

आमच्या विषयात दोन मोजमापं आहेत,
आधार आणि विश्वास.
ज्या गोष्टीला पुरेसा आधार नाही
ती चाळणीतून खाली जाते, तिचा विचारसुद्धा होत नाही.
किती म्हणजे पुरेसा, ते मीच ठरवलं होतं.
शेकडा दोन.
का दोन, असं कुणी विचारलं असतं तर
मला सांगता आलं नसतं.

पण सकाळी उत्तरं यायची एकोणचाळीस.
एकोणीस नंबर गप्प.
मी प्रोग्रॅम तपासला, वायर बदलली,
आतली धूळ काढली,
मग शिव्या दिल्या, आधी मराठीत, मग गुजरातीत.
सर म्हणाले, वगळ. ‘अविश्वसनीय’ लिही आणि पुढे चल.
ग्रिड म्हणजे तेच ना,
एकावाचून अडायला नको.

रात्रपाळीचे जशुभाई परमार
तेव्हा दाराशी स्टुलावर बसून ऐकत होते.
त्यांनी हजेरीबुकाची जुनी वही आणली, उलटी उघडली.
मागच्या पानांपासून पुढे,
त्यांच्या ठसठशीत गुजरातीत, रोजची एक ओळ:
पोणा बे वागे. ओगणीस बंध.
पोणा बे वागे. ओगणीस बंध.
चौदा महिने.
रविवार तेवढे कोरे.

बेन, पाछळनी मोटर, ते म्हणाले.
भिंतीपलीकडे वसतिगृहाचा पंप,
पावणेदोनला सुरू होतो, दिवा क्षणभर मंद होतो
आणि त्याच लाइनवरचं हे एक यंत्र दम तोडतं.
रविवारी पंपवाल्याला सुट्टी.
मग इतके दिवस सांगितलं का नाही?
विचारलं कुणी, असं ते म्हणाले नाहीत.
चष्मा पुसत राहिले.

एक माणूस, एक वही.
माझ्या चाळणीत हे टिकलं नसतं.

प्रबंधातल्या पाचव्या प्रकरणात
तक्त्याखाली मी लिहिलं,
नोंदी: ज. मो. परमार, रात्रपाळी.
सरांनी त्याच्याखाली लाल रेघ मारली.
दोनदा मारली.
मी दोन्ही वेळा ते पान तसंच ठेवलं.

बांधून आलेली प्रत मी त्यांना दाखवायला नेली.
आपलं नाव त्यांनी बोटानं शोधलं, बोट तिथंच ठेवलं,
मग दुसऱ्या हातानं पानं चाळत
कशी कोण जाणे, नकाशापाशी आले.
आ शुं?
मी सांगितलं. कावीळ, बेरीज, पाण्याची रेघ.
ते बराच वेळ बघत होते.
बेन, पछी ए नळ बदल्यो?

मी म्हटलं, अहवाल पाठवलाय.
कधी पाठवला, तारीखही सांगितली.
त्यांनी वही काढली, उलटी उघडली,
घड्याळात पाहिलं
आणि लिहिलं:
नळ. बाकी.